नवसागराचा वास

नाझिफे भित्री आहे हे साऱ्या सारीकुयू गावाला माहीत होतं. गॅस बंद केला की नाही, म्हणून ती अर्ध्या वाटेवरून परत फिरायची. बर्फ पडलं की भिंतीला हात लावत लावत चालायची. कुणी दाराची कडी जरा जोरात वाजवली तरी हिच्या काळजात धस्स व्हायचं. लोक हसायचे. हसोत बापडे. पण आमच्या काडतुसांच्या कारखान्याची अब्रू बावीस वर्षं याच बाईच्या भित्रेपणावर टिकून होती, हे मात्र एकाच्याही तोंडून निघायचं नाही.

तिचं काम पिस्तुलाच्या काडतुसांच्या पुंगळ्या तपासायचं. पुंगळी म्हणजे ती पितळेची रिकामी नळी. पुढच्या खात्यात तिच्यात दारू भरायचे, बुडाला ठिणगी पाडणारी टोपी बसवायचे आणि तोंडात गोळी दाबायचे. त्याच्या आधी प्रत्येक पुंगळी नाझिफेसमोरून जायची, नंतर पुन्हा कुणी निरखून बघत नसे. फिरता पट्टा, खाली आरसा, वर दिवा. ओठ दुमडलेली, बुडाचं भोक एका अंगाला सरकलेलं, अंगावर केसाएवढी रेघ असलेली, अशी एकही पुंगळी तिच्या नजरेतून सुटली नव्हती. तपासलेल्या प्रत्येक पेटीवर तिचा नंबर पडायचा, तेवीस.

शेजारी बसणारी गुलिझार म्हणायची, "ताई, तुला धुतलेल्या ग्लासातही भूत दिसत असेल."

"दिसतं ना," नाझिफे पट्ट्यावरची नजर न हलवता म्हणायची. "मला भीती वाटते म्हणून मी बघते. तुम्हाला वाटत नाही, म्हणून तुम्ही गप्पा मारता."

अशा बाईची मुलगी पोलिसात जाते, याला काय म्हणावं! नवरा ट्रकवर होता, घाटात गेला, तेव्हा नेर्मिन नऊ वर्षांची होती. आईने तिला तळहातावरच्या फोडासारखं जपलं, आणि मोठी होऊन पोरीने कमरेला पिस्तूल लावलं. तासाभरावरच्या शहरात तिचं ठाणं. गणवेश घालून पहिल्यांदा घरी आली तेव्हा नाझिफे रडली, मग तिने तिच्या खांद्याला आतून दृष्ट लागू नये म्हणून निळा मणी टाचला, आणि मग पुन्हा रडली.

घरात तिसरं माणूस म्हणजे नाझिफेचे वडील, बेकिर उस्ताद. आमच्याकडचे शेवटचे कल्हईवाले. एके काळी लग्न ठरलं की आधी बेकिर उस्तादांना निरोप जायचा. पोरीच्या रुखवतातलं एकूण एक तांब्याचं भांडं त्यांच्या हाताखालून जायचं. वाळू टाकून मोठ्या हंड्यात उभे राहायचे, भिंत धरायचे आणि कमरेत असे फिरायचे की बघायला गल्ली जमायची. मग निखारे, मग नवसागराची चिमूट, पांढरा धूर, आणि कापसाच्या बोळ्याखाली कथील आरशासारखं पसरायचं. त्या धुराने सगळी गल्ली खोकायची. उस्तादांच्या घरातलं कुणी खोकायचं नाही. नाझिफेचा पाळणाच त्या धुरात हलला होता.

पुढे आलं अ‍ॅल्युमिनियम, मग स्टील. उस्तादांना कुणी बोलवेना. छातीही वाजायला लागली होती. त्या शरद ऋतूत कारखान्याच्या कॅन्टीनचे सहा मोठे तांब्याचे हंडे कल्हईला निघाले आणि म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर तेज आलं. बायकांनीही घरोघरचे टोप आणून त्यांच्यापुढे मांडले. नेमका पाऊस लागला. उघड्यावर बसून बाबांची छाती भरेल, या भीतीने नाझिफे गोदामवाल्या काद्रीकडे गेली. रिकाम्या पुंगळ्यांच्या गोदामाला मागून टेकलेली एक पडवी होती, बिनकामाची.

"काद्री, बाबांना तिथे बसू दे रे. आठ दिवसांचा तर प्रश्न."

"ताई, तुझा शब्द म्हणजे काय!" काद्री म्हणाला. "तिथे दारू नाही की टोप्या नाहीत, नुसतं पितळ. निखाऱ्याने पितळाला काय होणारेय?"

आठ दिवसांचे सहा आठवडे झाले, कारण टोप्यांचा माल बाहेरून यायचा होता, तो अडकला होता. तोवर पुंगळ्यांच्या पाच खेपा गोदामात तशाच थांबून राहिल्या, मागच्या भिंतीला लागून. पलीकडे बेकिर उस्ताद कल्हई करत बसले. कामावरून सुटताना नाझिफे रोज पडवीत डोकवायची, बाबांना घेऊन घरी जायची. म्हातारा माणूस गाणं गुणगुणत चालायचा. इतका खूश तो कित्येक वर्षांत दिसला नव्हता.

हे झालं शरद ऋतूत. फेब्रुवारीतल्या एका सोमवारी सकाळी पट्टा अचानक थांबला.

कारखान्याचे मोठे साहेब रुस्तेम आणि नवी इंजिनिअर सेविम मॅडम खाली आले. मॅडमना येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. त्यांनी टेबलावर रुमाल पसरला आणि पिशवीतून गोळी झाडून झालेल्या पुंगळ्या ओतल्या. बायका पुढे झाल्या. कुठली पुंगळी तोंडापासून अर्ध्यापर्यंत फाटली होती, कुठलीचं अंग उभं उकललं होतं. एकीचं तर बूड निम्मं उडालेलं, कडा काळ्या पडलेल्या.

"पूर्वेकडच्या प्रांतातून आल्यात," सेविम मॅडम म्हणाल्या. "पोलिसांच्या सरावात. ही शेवटची फुटली तेव्हा आग मागच्या बाजूने बाहेर पडली. पितळेचा तुकडा एका शिपायाच्या डोळ्यात गेलाय."

"डोळा वाचला का?" गुलिझारने विचारलं.

मॅडमनी ती पुंगळी रुमालाच्या कडेला वेगळी ठेवली.

"नंबर कुणाचा आहे पेटीवर?" रुस्तेम साहेबांनी विचारलं. त्यांना तो ठाऊक होता. उगाच चारचौघांत विचारायची खोड.

"तेवीस," नाझिफे म्हणाली. तिने एक पुंगळी उचलून दिव्याखाली धरली. चीर ताजी नव्हती. कड जुनी, मळकी होती. म्हणजे गोळी झाडायच्या कितीतरी आधीपासून ही चीर तिथे होती. "पण माझ्यासमोरून गेली तेव्हा ही अख्खी होती साहेब. मी शपथ घेते."

"शपथ घे, नाहीतर नवस कर," साहेब म्हणाले. "नंबर तुझाच आहे."

दुपारच्या सुट्टीत तिने सूपाचा वाडगा तसाच ठेवला. ती काद्रीकडे गेली. कुठला माल कुठे गेला, ते त्याच्या वहीत होतं. तक्रार आलेली खेप त्या पाचांतली एक होती. दुसरी कुठे गेली म्हणून तिने बोट फिरवलं आणि बोट तिथेच थांबलं. नेर्मिनच्या ठाण्याचं नाव होतं.

तिने कॅन्टीनच्या फोनवरून ठाण्याला फोन लावला.

"आई? काय झालं? आजोबा बरे आहेत ना?"

"बरे आहेत. तुझ्या पिस्तुलात काडतुसं कुठली आहेत गं?"

नेर्मिन हसली. "तुझीच. पेटीवर तेवीस नंबर आहे. सगळ्यांना दाखवला मी, माझ्या आईच्या नजरेखालून गेलेली आहेत म्हणून. महिनाभर तीच आहेत कमरेला. आणि गुरुवारी वर्षाचा सराव आहे, सगळं ठाणं झाडणार. पन्नास-पन्नास गोळ्या."

नाझिफेने फोन दोन्ही हातांनी धरला. "गुरुवारी जाऊ नकोस."

"का?"

"ताप आलाय म्हण. पोट दुखतंय म्हण."

"आई, तू मला शाळेत असतानाही सहलीला असंच पाठवत नव्हतीस." पलीकडून कुणीतरी हाक मारली. "निघते. आणि जेव आधी, आवाज कसा झालाय तुझा!"

नाझिफेने फोन ठेवला. पहिल्यांदाच असं झालं होतं की तिला वाटणारी भीती खरी होती आणि ती नक्की कशाची ते तिला ठाऊक होतं.

मंगळवारी सेविम मॅडमनी तिला प्रयोगशाळेत बोलावून घेतलं. साहेबांना विचारलंही नाही. "या कारखान्यात तुमच्याएवढे डोळे कुणाकडे नाहीत," त्या म्हणाल्या. "बसा ताई. चहा घ्या आधी."

प्रत्येक खेपेतल्या थोड्या पुंगळ्या प्रयोगशाळेच्या कपाटात नमुना म्हणून ठेवायची पद्धत होती. पाचही खेपांचे नमुने टेबलावर होते. नाझिफेने एकेक फिरवून पाहिला. एकालाही चीर नव्हती. तिचे डोळे चुकले नव्हते, म्हणून तिला अर्धा क्षण बरं वाटलं.

"आता हे बघा." मॅडमनी कोपऱ्यातली झाकणाची मोठी काचेची बरणी पुढे ओढली. आत तळाला पाण्यासारखं काहीतरी, वर जाळीवर पुंगळ्या मांडलेल्या. "पितळ ओढून ओढून नळी केली की ते आतून ताणलेलं राहतं. भट्टीत नीट शेकलं तर ताण उतरतो. उतरलाय की नाही, ते ही बरणी सांगते. काल संध्याकाळी ठेवल्यात."

त्यांनी झाकण उचललं आणि तोंड फिरवून खोकायलाच लागल्या. डोळ्यांतून पाणी, नाकाला रुमाल. दारातून आत आलेला कारकून "अल्ला!" म्हणून उलट्या पावली पळाला.

नाझिफे बरणीवर वाकली होती. आतल्या सगळ्या पुंगळ्या उभ्या तडकल्या होत्या.

"ताई!" मॅडम रुमालातून म्हणाल्या. "तुम्हाला वास येत नाहीये?"

"कसला वास?"

"अमोनियाचा! माझं डोकं फुटायची वेळ आली."

नाझिफेने मुद्दाम दीर्घ श्वास घेतला. कसला वास? नेहमीचीच तर हवा होती. घरातली हवा. बाबांच्या कोटाची, उशीची, लहानपणी ताप आला की ज्या मांडीवर ती झोपायची त्या मांडीची.

तिने टेबलाची कड धरली.

"त्या आठवड्यात भट्टी नीट तापली नव्हती, हे कळलं," मॅडम खिडकी उघडत म्हणाल्या. "पाचही खेपा कच्च्या आहेत. पण नुसत्या कच्च्या असून तडकत नाहीत, त्यांना अमोनिया लागावा लागतो. कपाटातल्या नाही ना तडकल्या? गोदामातल्या तडकल्या. म्हणजे गोदामात अमोनिया होता. आला कुठून? घोडे नाहीत, खत नाही, संडास नाही. ते सापडलं नाही, तर साहेब एकच खेप परत मागवणार. काल मी बरणीचं सांगितलं तर म्हणाले, बरणीत कोंडलंत तर मीसुद्धा तडकेन."

नाझिफेने झाकण पुन्हा बरणीवर ठेवलं. सहा आठवडे ती रोज त्या पडवीत जात होती. गुलिझार असती तर नाक दाबून म्हणाली असती, केवढा हा घाण धूर. कुणीही म्हणालं असतं. साऱ्या कारखान्यात ज्या एका बाईचं लक्ष सगळ्या गोष्टींवर असायचं, तिलाच तो वास आला नाही, कारण तो तिच्या घरचा होता.

घरी आली तेव्हा उजेड होता. बाबा खिडकीशी बसून डाळ निवडत होते. तिने डोक्याचा रुमाल सोडला नाही, कोटही काढला नाही.

"बाबा, पडवीत धूर कुठून जायचा हो?"

म्हाताऱ्याचा चेहरा खुलला. कामाबद्दल कुणी विचारलंय, हेच खूप. "अगं, काय झकास ओढ होती तिथे! वर जाळी होती ना, गोदामात उघडणारी. सगळा धूर तिकडून खेचला जायचा. डोळ्याला जरासुद्धा त्रास नाही. आयुष्यात एवढी चांगली जागा मिळाली नव्हती मला." ते थांबले. "का गं? पुन्हा हंडे निघालेत का कल्हईला?"

"नाही," नाझिफे म्हणाली. "सहज विचारलं."

त्या संध्याकाळी तिने पिलाफचा भात करपवला. म्हातारा करपलेलं खरवडून आवडीने खात होता आणि ती त्याच्या हातांकडे बघत होती. बोटांची टोकं काळी, नखं कथलाने चकाकणारी. दारूगोळ्याच्या कारखान्यात घातपात, एवढे दोन शब्द कुणी कागदावर लिहिले की पुढे काय होतं, ते आमच्या गावाने पाहिलं होतं. वरच्या आळीचा एक फिटर असाच चौकशीला म्हणून गेला होता, आणि परत आला तो कुणाशी बोलेनासा झाला. आणि बाबा तर शहात्तर वर्षांचे होते. तिला रडूही येईना, इतकी भीती वाटत होती.

बुधवारी सकाळी गेटापाशीच काद्रीने तिला गाठलं. त्यालाही उमगलं होतं. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले.

"ताई, तोंडातून शब्द काढायचा नाही," तो हलक्या आवाजात म्हणाला. "पडवीत कोण बसलं होतं ते तुला ठाऊक, मला ठाऊक. बायका भांडी घेऊन आल्या, त्यांच्या काही डोक्यात येणार नाही. तुझे वडील वाचतील, माझी नोकरी वाचेल. एक खेप परत येतेय ना, झालं तर!"

"आणि बाकीच्या चार?"

"त्या फुटल्या का अजून? नाही ना? मग!"

"उद्या माझी मुलगी झाडणार आहे त्यातल्या."

काद्रीने मान खाली घातली. "तिला सांग ना मग. तिला एकटीला सांग."

तेच करावं, असं नाझिफेच्या मनाने घेतलं. खोटं कशाला बोला, तिने तेच ठरवलं होतं. नेर्मिन वाचली की झालं, बाकी जग गेलं खड्ड्यात. आईचं मन असंच असतं, त्याला लाजायचं कारण नाही. तिने पुन्हा फोन लावला आणि सगळं सांगितलं, बरणी, पडवी, जाळी, सगळं.

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला.

"आजोबांना ठाऊक आहे?" नेर्मिनने विचारलं.

"नाही. आणि कळायचंही नाही. तू फक्त उद्या जाऊ नकोस, सोन्या. आणि ती काडतुसं काढून टाक."

"माझी काढेन. बाकी एकतीस जणांचं काय करू?" नेर्मिनचा आवाज आता पोलिसाचा झाला होता. "माझ्या शेजारी सेलामी उभा राहतो. त्याच्या बायकोला आठवा महिना आहे. मी आजारी म्हणून घरी बसू आणि त्याला झाडू देऊ? आई, मी वरती सांगायला गेले तर विचारतील, तुला कुणी सांगितलं. मग आजोबांचं नाव माझ्या तोंडून निघेल. माझ्या तोंडून नको काढायला लावूस."

"नेर्मिन..."

"तुला भीती वाटते, ते कळतं गं मला. मलाही वाटतेय. आत्ता पिस्तूल कमरेला आहे आणि हात लावायचा धीर होत नाहीये." मग हळू आवाजात म्हणाली, "संध्याकाळपर्यंत वाट बघते. मग मी बोलेन."

नाझिफे जिना चढली. साहेबांचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर. प्रत्येक पायरीवर तिला वाटलं, परत फिरावं. दारात तिने पदर सारखा करावा तसा डोक्याचा रुमाल दोनदा सारखा केला. आत साहेब सहीचं पेन शोधत होते. समोर एकच खेप परत मागवायचं पत्र टाईप होऊन पडलं होतं. सेविम मॅडम बाजूला उभ्या होत्या, चेहरा पडलेला.

"काय गं?" साहेब म्हणाले.

"अमोनिया माझ्या वडिलांचा होता," नाझिफे म्हणाली.

साहेबांचा पेन शोधणारा हात तसाच राहिला.

"कल्हईचा नवसागर, निखाऱ्यावर त्याच्यातून तोच निघतो. गोदामामागच्या पडवीत सहा आठवडे. धूर जाळीतून आत जात होता. त्यांना काही ठाऊक नाही. तिथे त्यांना मी बसवलं. काद्रीला मी सांगितलं. पाचही खेपा त्या भिंतीला होत्या साहेब. पाचही परत मागवा. आज. उद्या सकाळी शहरातलं ठाणं सरावाला जातंय." एवढं ती एका दमात बोलली आणि मग तिला श्वास घेता येईना.

सेविम मॅडमनी तिला खुर्चीवर बसवलं. साहेब उठले. खिडकीपाशी गेले, परत आले. भीती त्यांनाही वाटत होती, फक्त त्यांची भीती खुर्चीची होती.

"म्हणजे एका कल्हईवाल्या म्हाताऱ्याने..." ते सुरू झाले. त्यांच्या आवाजात सुटका झाल्यासारखं काहीतरी होतं.

"आणि थंड भट्टीने," सेविम मॅडम म्हणाल्या. "भट्टी नीट तापली असती, तर उस्तादांनी गोदामात बसून कल्हई केली असती तरी काही झालं नसतं. माझ्या अहवालात दोन्ही असेल साहेब. आधी भट्टी. आता फोन करताय, की मी करू?"

साहेबांनी फोन उचलला.

गुरुवारी पट्टा बंदच होता. बायका रिकाम्या बसल्या होत्या आणि नाझिफेशी बोलायचं की नाही, ते कुणाला कळत नव्हतं. गुलिझार तेवढी शेजारी येऊन बसली आणि तिने तिचा हात धरून ठेवला. दहा वाजता कॅन्टीनमधून निरोप आला, नाझिफेला फोन आहे. ती धावली. भिंत न धरता, बर्फातून.

"आई," नेर्मिन म्हणाली. "सराव रद्द. हुकूम आला, सगळ्यांनी पिस्तुलांची मॅगझिनं टेबलावर रिकामी केली. माझ्यात पंधरा होती. चार तडकलेली. एकीची चीर तर पार बुडापर्यंत गेलीये. आई, एक महिना मी ही कमरेला लावून फिरत होते. परवा बाजारात एकावर पिस्तूल रोखलंही होतं."

नाझिफे कॅन्टीनच्या फरशीवर खाली बसली, तिथे मागे तेच सहा हंडे ओळीने पालथे घातले होते, लखलखीत.

आता पुढचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात सांगण्यासारखं चांगलं काही नाही. काद्रीला काढलं. रुस्तेम साहेबांची बदली झाली, आणि ती कशी तर वरच्या जागेवर. नाझिफेला तपासणीवरून उठवून पुठ्ठ्याची खोकी घडी करायला बसवलं. तेवीस नंबर रद्द झाला. आणि शुक्रवारी सकाळी दोन शिपाई आले आणि बेकिर उस्तादांना घेऊन गेले. तोवर त्यांना कुणीही काहीही सांगितलेलं नव्हतं. धीर झाला नाही नाझिफेला. शिपायांच्याच तोंडून त्यांना कळलं की त्यांच्या कल्हईने एकाचा डोळा गेला.

दोन दिवसांनी सोडलं त्यांना. मारहाण केली नव्हती, चहासुद्धा दिला होता. घरी आल्यावर ते बराच वेळ हात धूत राहिले.

"काय विचारलं बाबा?"

"सारखं तेच. तुला तिथे बसायला कुणी सांगितलं?"

"मग?"

"मी म्हटलं, पावसाने." त्यांनी टॉवेलने एकेक बोट पुसलं. "दोन दिवस तेच म्हणत होतो. मग ते म्हणाले, म्हातारबुवा, तुमच्या मुलीने सगळं सांगितलंय केव्हाच." त्यांनी तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही. राग असता तर बरं झालं असतं. "मला आधी सांगायचंस गं, नाझिफे. मी स्वतः गेलो असतो."

भाता आणि पकडी त्यांनी पोत्यात बांधून माळ्यावर टाकल्या. नंतर सगळा उन्हाळा ते खिडकीशी बसून राहिले.

शरद ऋतूत नेर्मिनचं लग्न ठरलं. सारीकुयूत आता रुखवतात तांब्याचं काही कुणी देत नाही. तरी एका रविवारी दुपारी नाझिफे बाजारातून आली तर पोतं खाली उतरवलेलं, आणि मागच्या अंगणात निखारे विझत आलेले. बाबा घामाने भिजले होते. त्यांच्या मांडीवर तिच्या आईचा जुना तांब्याचा टोप होता, आतून चंद्रासारखा पांढरा. भिंत धरून उभे राहून, त्या छातीने, त्यांनी एकट्याने तो घासला होता.

"पोरीला द्यायला," ते म्हणाले. दोन्ही हातांनी त्यांनी टोप पुढे केला. "बघ गं, कुठे चीरबीर राहिली असेल तर. तुझे डोळे चांगले."

नाझिफेने टोप घेतला, दिव्याखाली धरायचा तसा उजेडाकडे धरला आणि वाकली. आणि तिला खोकला आला. नाकातून आत काहीतरी सुरीसारखं गेलं, डोळे भरले, घसा बंद झाला. ती खोकत राहिली. हातातला टोप तिला धरवेना आणि खालीही ठेववेना. कुठेतरी काहीतरी फुटणार, एवढंच तिच्या मनात येत होतं.

म्हातारा गोंधळून उठला. "काय झालं? पाणी आणू?"

"वास येतोय, बाबा," ती म्हणाली.

बेकिर उस्ताद तसेच उभे राहिले. पन्नास वर्षं ही पोर त्यांच्या धुरात वाढली, निजली, जेवली होती, आणि एकदाही खोकली नव्हती. त्यांनी तिच्या हातातून टोप काढून घेतला, अंगणाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन उन्हात पालथा ठेवला, आणि परत येऊन घराच्या सगळ्या खिडक्या उघडल्या.